चार पावले, एक बोट

माणूस पडला की भोवती जमलेल्या गर्दीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उठता येतंय का?" मग दुसरा, "जरा पाय टेकवून बघा." कोणीतरी काखेत हात घालून उभे करते, पडलेला माणूस कळवळत दोन पावले टाकतो आणि गर्दीतला एखादा जाणता तिथल्या तिथे निकाल देऊन टाकतो. "काही नाही, मुका मार आहे. आंबेहळद उगाळून लावा." किंवा अगदी उलट, "हाड गेलंय. फोटो काढल्याशिवाय खरं नाही." फोटो म्हणजे एक्स-रे. जामखेडच्या एसटी स्टँडवर हे चालते, खर्ड्याच्या बाजारात चालते आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या जिन्यातही चालते.

प्रश्न अगदी बरोबर असतो. निकाल मात्र बहुतेकदा अंदाजपंचे असतो आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. साध्या मुरगळीसाठी कोणी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जातो, फोटो काढतो आणि 'काही नाही' ऐकून परततो. दुसऱ्या घरी मोडलेल्या हाडावर आठ-आठ दिवस लेप चढत राहतात. जामखेड हा पर्जन्यछायेतला तालुका. इथली कितीतरी कुटुंबे हंगामात ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांना पडायला जागा भरपूर. मोळी घेऊन ट्रॉलीवर चढताना फळीवरून, विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, चिंचा झोडपताना झाडावरून, खडी उधळलेल्या रस्त्यावर दुचाकीवरून. म्हाताऱ्यांना मोरीतली ओली फरशी पुरते. अशा ठिकाणी दवाखान्यात जायचे की नाही, हा प्रश्न निव्वळ डॉक्टरकीचा राहत नाही. त्यात मजुरी येते, गाडीभाडे येते आणि फडावर असतील तर मुकादमाची परवानगीही येते.

'पाय टेकवून बघा' या गावठी प्रश्नाची शास्त्रीय परीक्षा झाली ती थेट कॅनडात. ओटावा शहरात अपघात विभागात काम करणाऱ्या डॉ. इयन स्टील यांना एक गोष्ट खटकत होती. घोटा मुरगळून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघायचा. हाड मोडलेले मात्र शंभरातल्या पंधरांपेक्षाही कमी जणांचे सापडायचे. मग बाकीच्यांना एक्स-रेच्या रांगेत बसवायचे कशाला? स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णालयांत आलेले 750 प्रौढ रुग्ण तपासले. सूज किती, काळेनिळे किती, कुठे दाबल्यावर दुखते, चालता येते का, अशा बारीकसारीक नोंदी आधी केल्या आणि नंतर एक्स-रेशी ताडून पाहिल्या. 1992 मध्ये त्यातून जे नियम निघाले, ते पोस्टकार्डावर मावतील इतके सुटसुटीत आहेत. जगभर ते 'ओटावा नियम' म्हणून ओळखले जातात.

या नोंदींतली सर्वांत मजेशीर गोष्ट म्हणजे काय गळाले ती. सूज गळाली. घोटा टम्म फुगला म्हणजे हाड मोडलेच, हा आपला पक्का समज. पण सुजेवरून हाडाचा भरवसा लागत नाही. हाडांना एकमेकांशी जोडणारा अस्थिबंध फाटला तरी घोटा नारळाएवढा होतो आणि केसभर तडा गेलेल्या हाडावर कधी कधी नावापुरती सूज असते. राहिल्या त्या दोनच गोष्टी. चार पावले टाकता येतात का, आणि ठरावीक जागी हाडावर बोट दाबले की कळ येते का.

चार पावलांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. झोकात चालणे इथे अपेक्षित नाही. लंगडत, दात-ओठ खात का होईना, दुसऱ्याच्या खांद्याचा आधार न घेता, दुखऱ्या पायावर दोनदा आणि चांगल्या पायावर दोनदा भार गेला की झाली चार पावले. ही पावले पडल्यावर लगेचही टाकता आली नाहीत आणि नंतर तपासतानाही टाकता येत नाहीत, अशी दोन्ही वेळची हार असेल, तर एक्स-रे हवा. पडल्यापडल्या माणूस घाबरलेला असतो, जमिनीवर बसून राहतो. म्हणून पाणी पाजून, दहा-पंधरा मिनिटे टेकू देऊन मग उभे करावे. मात्र पाय वाकडा दिसत असेल, मांडी किंवा नडगी मध्येच वळली असेल, तर ही परीक्षा घ्यायचीच नाही. तिथे निकाल डोळ्यांनीच लागलेला असतो.

आता बोट. घोट्याला दोन उंचवटे असतात. आतला उंचवटा नडगीच्या जाड हाडाचा आणि बाहेरचा तिच्या शेजारच्या काठीसारख्या बारीक हाडाचा. तपासताना पोटरीच्या बाजूने सुरुवात करावी. उंचवट्याच्या टोकापासून वर साधारण चार बोटे, नेमके सांगायचे तर 6 सेंटिमीटर, इथपर्यंतची हाडाची मागची कड एका बोटाने हळूहळू दाबत खाली टोकापर्यंत यावे. आधी बाहेरची बाजू, मग आतली. दाब किती? आपल्या नखाखालचा लाल रंग पांढुरका होईल इतका. आणि "दुखतंय का?" असे विचारत बसण्यापेक्षा पडलेल्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. हाडावर कळ आली की माणूस उत्तर देण्याआधी पाय ओढून घेतो.

साध्या मुरगळीत सर्वांत दुखरी जागा वेगळीच असते. ती बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि किंचित खाली असते, जिथे पाऊल आत वळताना अस्थिबंध ताणला जातो. त्या मऊ जागी कळ आणि मागच्या कडेला हाड मात्र शांत, असे असेल आणि चार पावले पडत असतील, तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच कमी.

पावलावर आणखी दोन जागा पाहायच्या. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर एक उंचवटा हाताला लागतो. आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढे पावलाच्या कमानीच्या माथ्यावर दुसरा. बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित पुढे होणारा अस्थिभंग वैद्यकात एका माणसाच्या नावाने प्रसिद्ध आहे आणि तो त्याच माणसाच्या पायाला झाला होता. लिव्हरपूलचे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स नाचत असताना त्यांचे पाऊल बाहेरच्या कडेवर पडले आणि काहीतरी तुटल्याचे जाणवले. घोटा ठीक होता, सूजही बेताची. तरी त्यांनी एक्स-रे काढवून घेतला. त्याआधी सहा-सात वर्षांपूर्वीच, 1895 मध्ये, राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता. जोन्स यांनी 1902 मध्ये स्वतःच्या आणि आणखी काही रुग्णांच्या पायांवर निबंध लिहिला. इतक्या मोठ्या हाडतज्ज्ञालाही आपले हाड मोडले आहे याची खात्री बोटाने आणि मग यंत्राने करून घ्यावी लागली, हे गर्दीतल्या जाणत्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे नियम किती खरे ठरले? 2003 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 27 अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यांत 15,000 हून अधिक रुग्ण होते. नियमांनी 'एक्स-रे नको' म्हटले तिथे मोडलेले हाड निसटण्याचे प्रमाण शंभरात दोनपेक्षा कमी निघाले आणि एक्स-रेची गरज तीस-चाळीस टक्क्यांनी घटली. उलटी बाजूही सांगायला हवी. नियमांनी 'एक्स-रे हवा' म्हटले म्हणजे हाड मोडलेच असे नाही. अशा अनेकांचे फोटो स्वच्छ निघतात. चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली आहे, दाण्याबरोबर थोडे खडे आले तरी चालतील, पण दाणा गळता कामा नये.

गुडघ्यासाठी असाच संच याच मंडळींनी काही वर्षांत तयार केला. वय 55 किंवा त्याहून जास्त असणे, फक्त गुडघ्याच्या वाटीवर दाबल्यावर कळ येणे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोड्या खालच्या हाडाच्या गाठीवर कळ येणे, पाय काटकोनात दुमडता न येणे आणि पुन्हा तीच चार पावले. यांतले एक जरी असले तरी फोटो काढून घ्यावा.

यंत्राआधी हात, हा विचार जामखेडला नवा नाही. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले जोडपे इथे आले आणि सीआरएचपी या आद्याक्षरांनी जगभर ओळखला जाणारा ग्रामीण आरोग्य प्रकल्प त्यांनी उभा केला. सुरुवातीला शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. ते जमले नाही. मग गावांनीच आपल्यातल्या बायका निवडून दिल्या. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. बाळंतपण कसे सांभाळायचे, जुलाब झालेल्या मुलाला काय पाजायचे, कोणाला घरी ठेवायचे आणि कोणाला ताबडतोब जामखेडला पाठवायचे, हे त्या शिकल्या. सुरुवातीला हजारी 176 असलेला या गावांतला बालमृत्युदर पुढच्या दोन-अडीच दशकांत विशीच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 नंतर देशभर उभ्या राहिलेल्या 'आशा' कार्यकर्तीच्या कल्पनेमागे जामखेडचा अनुभवही होता.

या ग्राम आरोग्य सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी दवाखाने आणि डॉक्टर यांची तुलना त्या महागड्या, उंच टांगलेल्या दिव्यांशी केली आणि स्वतःची एका साध्या पणतीशी, जिच्यावर दुसरी पणती लावता येते. एक्स-रे यंत्र हे त्या झुंबरातले. ते हवेच, पण कोणाला तिथवर न्यायचे, हे वाडीवरच ठरते. आणि ते ठरवायला लागते एक बोट आणि चार पावलांपुरती सपाट जमीन. डॉ. स्टील यांच्या 750 नोंदींमधून शेवटी उरले ते पणतीच्याच आवाक्यातले.

पण ही परीक्षा काही माणसांच्या बाबतीत साफ फसते. तिथे ती करूच नये.

पहिला, दारू प्यायलेला. त्याला मोडलेल्या पायावर चालताना पाहिलेले लोक गावोगाव भेटतील. दुसरा, जुना मधुमेही. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायांच्या नसा बधिर झालेल्या असतात. टाचणी टोचलेली कळत नाही, तिथे हाड मोडलेले कसे कळणार? असा माणूस मोडक्या पावलावर महिनाभर चालतो आणि पावलाची कमान कोसळून जाते. मधुमेह्याचे पाऊल न दुखता लाल, गरम आणि सुजलेले दिसले, तर त्याला मार लागल्याचे आठवत नसले तरी डॉक्टरकडे न्यावे. तिसरा, ज्याला दुसरीकडे मोठा मार लागला आहे, विशेषतः डोक्याला. मोठ्या दुखण्यापुढे लहान दुखणे जाणवत नाही.

लहान मुले हा वेगळाच मामला. मूळ नियम प्रौढांवर तपासलेले होते. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती अस्थिबंधापेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाचा जिथे अस्थिबंध ताणेल, तिथे मुलाचे हाड या कूर्चेपाशी सरकू शकते. ते चुकून राहिले, तर पायाची वाढ तिरकी होण्याचा धोका असतो. आणि दीड-दोन वर्षांचे पोर बाजेवरून पडले, रडून शांत झाले, पण दुसऱ्या दिवशी पाय खाली टेकवेना आणि रांगू लागले, तर त्याच्या नडगीला बारीक, पीळ पडल्यासारखा तडा गेलेला असू शकतो. न सूज, न काळेनिळे. पोर चालायचे थांबले हेच लक्षण.

काही दुखापतींत चार पावले पडतात आणि तरीही दवाखाना चुकवून चालत नाही. कबड्डी खेळताना किंवा बांधावरून उडी मारताना टाचेच्या वर कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटते, मागे वळून पाहावे तर कोणी नसते. टाचेची दोरी, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड स्नायुबंध, तुटलेला असतो. माणूस पाय आपटत चालू शकतो, म्हणून ही दुखापत आठवडेच्या आठवडे 'मुरगळ' म्हणून खपते. तपासायचे सोपे आहे. पालथे झोपवून पाऊल बाजेच्या कडेबाहेर लोंबू द्यावे आणि पोटरी मुठीत धरून दाबावी. दोरी शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकते. तुटली असेल तर ते हलत नाही.

चिंचेच्या झाडावरून किंवा विहिरीच्या कठड्यावरून टाचांवर आदळलेल्याची टाच तर पाहावीच, पण पाठही पाहावी. उंचावरून पडून टाचेचे हाड चुरडलेल्यांपैकी दहातल्या साधारण एकाच्या मणक्यालाही मार असतो. अशाला "पाठ दुखते का?" विचारल्याशिवाय उठवून बसवू नये.

आणि म्हातारी माणसे. साठी-सत्तरीतली आजी मोरीत घसरली, उठता येईना, दुखते मात्र जांघेत किंवा गुडघ्यात. पाय दुसऱ्या पायापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेले. हा खुबा मोडल्याचा जवळजवळ छापील नमुना आहे. फसवी अवस्था वेगळी. खुब्याच्या हाडाचे तुकडे एकमेकांत घट्ट रुतून बसले असतील, तर आजी लंगडत स्वयंपाकघरात जाऊनही येते. पहिल्या एक्स-रेतही कधी कधी हा तडा दिसत नाही. ठिसूळ हाडांच्या वयात पडल्यावर जांघेत दुखणे दोन दिवसांनंतरही टिकले, तर पुन्हा दाखवावे. खुब्याची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झाली तर बरी. आठवडाभर गादीवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि पायात रक्ताची गुठळी यांनी गाठलेले असते.

मांडीच्या हाडाची गोष्ट जामखेड तालुक्याला थोडी जवळची आहे. खर्डा हे याच तालुक्यातले गाव. मार्च 1795 मध्ये तिथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि विशीतले सवाई माधवराव पेशवे त्या मोहिमेत जातीने हजर होते. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला ते शनिवारवाड्यात वरून खाली कारंज्यावर पडले. उडी घेतली की तापाच्या भरात तोल गेला, यावर इतिहासकार अजून भांडतात. मांडी मोडली, आणखीही मार लागला आणि 27 ऑक्टोबरला वयाच्या 21 व्या वर्षी त्यांचा अंत झाला. खर्ड्याचा विजय आणि हा मृत्यू यांच्यात जेमतेम साडेसात महिने आहेत.

आजचा डॉक्टर ही हकिकत ऐकून आधी मांडीकडे बोट दाखवील. मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत मोठे आणि मजबूत हाड. ते मोडायला जबर आघात लागतो, आणि ते मोडले की एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साठू शकते. बाहेर थेंबही दिसत नाही, नुसती मांडी फुगत जाते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्तच पाच लिटरच्या आसपास असते, म्हणजे हा हिशेब किती गंभीर आहे ते कळेल. शिवाय पोकळ हाडातली चरबी रक्तात शिरून एक ते तीन दिवसांत श्वास आणि शुद्ध दोन्हींवर घाला घालू शकते. अशा पायाला ओढ देऊन स्थिर धरणारी सळईची चौकट एकोणिसाव्या शतकात ह्यू ओवेन थॉमस यांनी बनवली. ते पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. नाचताना पाय मोडून घेणारे रॉबर्ट जोन्स हे त्यांचे भाचे. जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात ही चौकट खंदकांपर्यंत पोचवली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

हाडवैद्य म्हटले की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणाची भाबडी श्रद्धा, कोणाचा सरसकट तिरस्कार. वस्तुस्थिती अशी, की हाड स्थिर धरून ठेवले की ते आपणहून जुळते आणि बांधणारा सराईत असेल तर सरळही जुळते. गडबड होते ती पट्टी करकचून आवळली गेली की. सुश्रुताने अस्थिभंगाचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले, वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या सालींच्या आणि बांबूच्या कामट्या बांधायला सांगितल्या, त्याचबरोबर ढिल्या पट्टीने सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट पट्टीने सूज, वेदना आणि पू होतो, असा स्पष्ट इशाराही दिला. पट्टी सोडून पुन्हा बांधायचे दिवसही त्याने ऋतूनुसार ठरवून दिले. थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. परंपरेचे नाव घेऊन पंधरा दिवस न सोडणारी पट्टी बांधणाऱ्याने सुश्रुत वाचलेला नसतो, एवढे नक्की.

घट्ट पट्टीचे शास्त्र साधे आहे. गुडघ्याखालचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या चार कप्प्यांत बसवलेले आहेत. आत रक्त साठले, सूज वाढली की कप्प्यातला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा आवळला जातो. बाहेरून पट्टी किंवा प्लास्टर घट्ट असेल तर विचारायलाच नको. सहा तासांच्या आसपास स्नायू मरू लागतात. याचे पहिले लक्षण म्हणजे मार लागला त्याच्या मानाने कितीतरी जास्त आणि वाढतच जाणारी वेदना. पोटरी लाकडासारखी टणक. आणि कोणी नुसती बोटे वर-खाली केली तरी किंकाळी. मुंग्या आणि बधिरपणा मागून येतात. पाऊल थंड आणि फिकट पडण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. अशा वेळी पट्टी ताबडतोब पूर्ण सोडावी, पाय उशीवर उंच न ठेवता छातीच्या पातळीवर ठेवावा आणि रात्र असली तरी निघावे.

उशिरामुळे पाय गमवावा लागलाच, तर जामखेडच्या प्रकल्पातच कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा आहे. 1968 च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो रबरी पाय घडवला, तो इथे गावातलेच तंत्रज्ञ तयार करतात. त्यावर उकिडवे बसता येते, अनवाणी नांगरटीतून चालता येते, पाण्यात उतरता येते. पाय गेलेल्या शेतकऱ्याला त्याने पुन्हा शेतात उभे केले. पण वेळेवर सोडलेली पट्टी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

हाड बाहेर आलेले असो किंवा मोडलेल्या जागेजवळ कातडीला नुसते भोक पडलेले असो, ती उघडी मोड समजावी. जखमेवर स्वच्छ पाणी ओतून धुतलेला फडका ठेवावा. हाड आत ढकलू नये, हळद किंवा माती लावू नये. जंतुनाशक औषध आणि धनुर्वाताचे इंजेक्शन इथे जितके लवकर तितके चांगले.

न्यायचे कसे, हा शेवटचा आणि अनेकदा सर्वांत वाईट रीतीने सुटणारा प्रश्न. 1756 च्या जानेवारीत लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडले आणि नडगी मोडून हाड कातडीबाहेर आले. जमलेले लोक त्यांना उचलून गाडीत घालू लागले. पॉट यांनी कोणालाही हात लावू दिला नाही. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर पडून राहून त्यांनी एक दरवाजा विकत घेतला, पालखीचे भोई बोलावले, त्यांच्या दांड्या त्या दरवाजाला ठोकायला लावल्या आणि त्यावर आडवे होऊन घरी गेले. पाय कापायची हत्यारे मांडून झाली होती. पण त्यांच्या गुरूंनी पाय पाहिला आणि वाचवून पाहायचे ठरवले. तो वाचला. पॉट यांच्याकडे दरवाजा होता, आपल्याकडे बाज आहे. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून, मोडका पाय लोंबकळत नेण्यापेक्षा बाज केव्हाही चांगली. दुखरा पाय आहे तसा, मध्ये घोंगडी किंवा धोतराची घडी घालून चांगल्या पायाला बांधावा. गाठी चांगल्या पायाच्या बाजूला, मोडीच्या नेमक्या जागेवर गाठ नको. बांबू बांधायचा तर तो मोडीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही सांध्यांच्या पलीकडे जाईल इतका लांब हवा. हाड मोडल्याची शंका दाट असेल तर वाटेत चहा-बिस्कीट देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

जो या सगळ्यातून सुटला, म्हणजे चार पावले पडली, हाडावर कळ नाही, वरच्या अपवादांत बसत नाही, त्याने घरी राहायला हरकत नाही. एक-दोन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याच्या घड्या एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, पाय उशीवर. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश नको. घरोघरच्या आज्यांना हे पटणार नाही, पण ताज्या रक्तस्रावावर ऊब आणि रगडणे दोन्ही वाईट. आंबेहळदीने अपाय नाही, तिच्या भरवशावर तारखा ढकलण्याने आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पुन्हा तीच परीक्षा घ्यावी. तेव्हाही पाय नीट टेकत नसेल, तर आधीचा निकाल विसरून डॉक्टरकडे जावे. पैशांची अडचण हे थांबण्याचे कारण असेल, तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत, हे माहीत असावे.

न्यायचेच ठरले तर रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक रात्री-अपरात्रीही उचलला जातो. फोन करण्याआधी पडलेल्याच्या पायातला जोडा, जोडवी, पैंजण काढून ठेवा. सूज चढल्यावर ते कापावे लागतात. अंगठ्याचे नख दाबून सोडा आणि गुलाबी रंग दोन सेकंदांत परततो का पाहा. मग फोनवर गाव आणि जवळची खूण सांगा, किती उंचीवरून पडले ते सांगा, पाय टेकतो की नाही आणि बोटे गरम आहेत की थंड ते सांगा. गाडी येईपर्यंत ती बोटे पांघरुणाबाहेर उघडी ठेवा.